व्यावसायिक पात्रता आणि प्रौढांची बेरोजगारी

पदवी, पदविका, व्यवसायाचा परवाना किंवा कौशल्याचे प्रमाणपत्र हाती असण्याचा प्रौढ वयात काम मिळण्याशी आणि टिकण्याशी असलेला संबंध. आकडेवारीत प्रौढ म्हणजे बहुधा पंचविशी ओलांडलेली व्यक्ती, कारण तोवर बहुतेकांचे शिक्षण आटोपलेले असते. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या व्याख्येप्रमाणे ज्याला काम नाही, जो ते शोधतो आहे आणि मिळाले तर लगेच करू शकतो, तो बेरोजगार. नाउमेद होऊन शोध सोडणारा या गणतीत येत नाही, ही उणीव आकडे वाचताना विसरू नये.

अमेरिकेत २०२३ साली शालेय शिक्षण अपुरे राहिलेल्या प्रौढांत बेरोजगारीचा दर ५.६ टक्के, शालेय शिक्षण पूर्ण केलेल्यांत ३.९, पदवीधरांत २.२ आणि वैद्यक, कायदा यांसारख्या व्यावसायिक पदव्या असलेल्यांत १.२ टक्के होता. गरीब देशांत मात्र अनेकदा उलटे चित्र दिसते. ज्याच्या घरी साठवण नाही, तो मिळेल ते काम धरतो आणि बेरोजगारांत मोजला जात नाही. मनाजोग्या नोकरीची वाट पाहणे शिकलेल्यालाच परवडते. तेथील सुशिक्षित बेकारीवरून शिक्षण निरुपयोगी ठरवणे म्हणूनच चुकीचे आहे.

शिक्षणाने माणसाची उत्पादकता वाढते, असे अर्थशास्त्रज्ञ गॅरी बेकर यांनी १९६४ मध्ये मांडले. दुसरे अर्थशास्त्रज्ञ मायकेल स्पेन्स यांचे १९७३ चे म्हणणे वेगळे होते: उमेदवाराची कुवत मालकाला आधी दिसत नाही, म्हणून तो पदवीकडे खूण म्हणून पाहतो. दोन्हींत तथ्य आहे. पण खुणेचा भाग मोठा असेल, तर पदव्या वाढल्याने कामे वाढत नाहीत. त्याच कामासाठी अधिक वरची पदवी मागितली जाते आणि तळचा आणखी मागे पडतो. परवाना ग्राहकाचे रक्षण करतो, तसाच बाहेरच्यांना अडवतोही. परदेशी गेलेल्या डॉक्टरला किंवा परिचारिकेला हा अनुभव येतो; ज्ञान सोबत जाते, परवाना जात नाही.

सर्वांत कठीण अवस्था कागदाविना कसब असलेल्यांची. बेकर यांनी सर्वत्र चालणारे कौशल्य आणि एकाच आस्थापनेत उपयोगी पडणारे कौशल्य असा भेद केला होता. वीस वर्षे एकाच कारखान्यात काम केलेल्याजवळ दोन्ही असतात. कारखाना बंद पडला की दुसरे वाया जाते आणि पहिले दाखवायला त्याच्याकडे काही नसते. अशा वेळी त्याला पुन्हा पहिल्या वर्गात बसवणे हा अन्यायच आहे. यावर पूर्वानुभवाची मान्यता हा उपाय अनेक देशांत रुजला. फ्रान्सने २००२ च्या कायद्याने अनुभवाच्या बळावर पदवी मिळवण्याचा हक्क दिला. सुरुवातीला त्यासाठी तीन वर्षांचा अनुभव लागे. २०१६ मध्ये ही अट एका वर्षावर आली आणि २०२२ च्या कायद्याने ती काढूनच टाकली. परीक्षक मंडळाला पूर्ण पदवी देणे योग्य वाटले नाही, तर ते तिचा सिद्ध झालेला भाग मान्य करते आणि उमेदवाराला उरलेला तेवढाच पुरा करावा लागतो.