अ‍ॅमेझॉन आपल्याला 20 टक्के ऑक्सिजन देत नाही

‘अ‍ॅमेझॉनचं जंगल जगाला 20 टक्के ऑक्सिजन पुरवतं’ हा दावा 2019 च्या वणव्यांच्या वेळी पुन्हा जोरात फिरला. तो चुकीचा आहे. हे जंगल जेवढा ऑक्सिजन तयार करतं, जवळपास तेवढाच झाडांच्या श्वसनात आणि पालापाचोळा कुजण्यात वापरला जातो.

खरी काळजी कार्बनची आहे, आणि त्याचा हिशेब हवेतूनच काढता येतो. ब्राझीलच्या शास्त्रज्ञ लुसियाना गात्ती यांच्या गटाने 2010 ते 2018 या काळात चार ठिकाणी छोट्या विमानांतून, जमिनीजवळून सुमारे साडेचार किलोमीटर उंचीपर्यंत हवेचे नमुने गोळा केले. अटलांटिकवरून येणारा वारा जंगलात शिरताना त्यात कार्बन डायऑक्साइड किती, आणि जंगलावरून पुढे गेल्यावर किती? या फरकातून कळतं की मधल्या प्रदेशाने वायू शोषला की सोडला. सोबत कार्बन मोनॉक्साइडही मोजल्यामुळे आगीचा वाटा वेगळा काढता येतो. एकेक झाड न मोजता एवढ्या अफाट प्रदेशाचा अंदाज येतो, ही मला विलक्षण गोष्ट वाटते.

निष्कर्ष मात्र गंभीर आहे. आगीतून निघालेला कार्बन वगळला, तरी आग्नेय अ‍ॅमेझॉन शोषण्यापेक्षा जास्त कार्बन सोडत होतं. जंगलतोड याच पूर्वेकडच्या पट्ट्यात अधिक झाली आहे, आणि तिथले कोरडे महिने आणखी तापले आहेत.