वास्को द गामाने भारत ‘शोधला’? पांडवलेणी चढून पाहा

‘भारताचा शोध वास्को द गामाने लावला’ हे वाक्य नाशिकची मुलंही पाठ करतात. ते चूक आहे, आणि ते खोडायला आपला पांडवलेण्यांचा त्रिरश्मी डोंगर पुरेसा आहे.

तिथल्या 17 क्रमांकाच्या लेण्यात इंद्राग्निदत्त या दात्याचा ब्राह्मी लेख आहे. तो स्वतःला ‘योनक’ म्हणवतो, म्हणजे यवन, तेव्हाच्या अर्थाने ग्रीक. गाव उत्तरेकडचं दत्तामित्री. गामाच्या हजाराहून अधिक वर्षं आधी परमुलखाशी नातं असलेली माणसं इथे लेणी कोरवत होती!

गामा मे 1498 मध्ये कालिकतला पोहोचला, तोही आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या मालिंदीहून सोबत घेतलेल्या जाणत्या वाटाड्याच्या भरवशावर. किनाऱ्यावर त्याच्या माणसाला आधी भेटले ते स्पॅनिश बोलणारे ट्युनिसचे दोन मुसलमान. युरोपातून आफ्रिकेला वळसा घालून थेट सागरी मार्ग त्याने जोडला, हे श्रेय मात्र त्याचंच. 1502 च्या सफरीत मक्केहून परतणारं यात्रेकरूंचं जहाज माणसांसकट जाळलं, तेही त्याच्याच नावावर.

लेणे 10 मध्ये हा मुलूख जिंकलेल्या शक क्षत्रपाचा (शासकाचा), नहपानाचा, जावई उषवदात तापी, दमण, डहाणूकडच्या नद्यांवर फुकट नावा ठेवल्याचं सांगतो. अर्थात, ही जेत्याच्या घरचीच साक्ष. पुढे सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने नहपानाची सत्ता मोडली. 1906 मध्ये नाशिकजवळ जोगलटेंभीला नहपानाची 13 हजारांहून अधिक चांदीची नाणी सापडली. त्यांतल्या बहुतेकांवर, जुन्या मुद्रेवरच, सातकर्णीचा ठसा आहे.