पडद्यापलीकडच्या शिक्षिका आणि पियानोवरची पाच बोटे

पियानोच्या ऑनलाइन शिकवणीत पहिल्या काही तासांतच एक गोंधळात टाकणारा प्रसंग हमखास घडतो. शिक्षिका ‘एक, दोन, तीन, चार’ असे मोजत टाळी देतात, पाच-सहा वर्षांचे मूल आपल्या घरी त्या टाळीवर नेमके बोट ठेवते, शेजारी बसलेल्या आईलाही ते तालात ऐकू येते, आणि तरीही पडद्यापलीकडून ‘थोडं मागे पडतंय’ अशी सूचना येते. यात चूक मुलाची नाही आणि शिक्षिकेच्या कानाचीही नाही. टाळीचा आवाज मुलापर्यंत पोहोचायला वेळ लागतो, मुलाचा स्वर परत जायला तेवढाच वेळ लागतो, आणि शिक्षिकेला ऐकू येणारा विलंब हा या दोन्हींची बेरीज असतो. एका दिशेला १०० मिलिसेकंद धरले तर जाऊन-येऊन २०० मिलिसेकंद होतात. मिनिटाला १२० मात्रांच्या लयीत एक मात्रा ५०० मिलिसेकंदांची असते, म्हणजे अगदी अचूक वाजवणारे मूलही शिक्षिकेला मात्रेच्या दोन-पंचमांश इतके मागे ऐकू येते.

एकत्र वाजवणाऱ्या कलाकारांना साधारणपणे २० ते ३० मिलिसेकंदांपर्यंतचा विलंब सांभाळून घेता येतो. त्यापुढे लय हळूहळू ओढली जाऊ लागते. हवेत ध्वनी सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, त्यामुळे व्यासपीठावर दहा मीटर अंतरावर बसलेले दोन वादक या मर्यादेच्या काठावर असतात. १०० मिलिसेकंदांचा विलंब म्हणजे ३४ मीटरांचे अंतर. लहान मुलांना ताल शिकवण्यासाठी एवढ्या लांब कोणीही बसणार नाही. महागडे इंटरनेट घेतल्याने हे अंतर मिटेल ही आशाही फोल आहे. मायक्रोफोनमधून आलेला आवाज साधारण २० मिलिसेकंदांच्या तुकड्यांत गोळा केला जातो, आकुंचित करून पाठवला जातो, वाटेत मागेपुढे झालेले तुकडे जुळवून घेण्यासाठी पलीकडे थोडा वेळ राखून ठेवला जातो आणि मग तो ऐकवला जातो. त्यात प्रवासाचा वेळ वेगळाच. इंटरनेटच्या काचतंतूतून (ऑप्टिकल फायबर) प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो, म्हणून पुण्यातील शिक्षिका आणि लंडनमधील मराठी घरातले मूल यांच्यामधले सुमारे सात हजार किलोमीटर सरळ रेषेत ओलांडायचे म्हटले तरी ३५ मिलिसेकंद लागणारच. तंत्रज्ञान कितीही सुधारले तरी प्रवासाचा हा वेळ शून्यावर येणार नाही.

तेव्हा तासाची घडणच या विलंबाला धरून करावी लागते, आणि ऑनलाइन शिकवणीचे यश माझ्या मते सर्वाधिक यावर अवलंबून असते. एकत्र वाजवण्याचा हट्ट सोडून शिक्षिकेने चार मात्रांचा छोटा तुकडा वाजवावा आणि मुलाने तो ऐकून परत वाजवावा, असा तास उत्तम चालतो. कारण दोन तुकड्यांमधली थोडी जास्तीची शांतता कोणाच्याही लयीला धक्का लावत नाही. आपल्याकडच्या गुरुमुखी शिक्षणात गुरूने गावे आणि शिष्याने तेच परत गावे हीच रीत आहे, त्यामुळे गाण्याची शिकवणी पाहिलेल्या मराठी घरांना ही पद्धत नवखी वाटणार नाही. ठेका मात्र मुलाच्या खोलीतूनच यायला हवा. मेट्रोनोम, म्हणजे ठरावीक लयीत टकटक करणारे यंत्र, मुलाच्या बाजूला लावावा किंवा मोठ्या माणसाने शेजारी बसून टाळी द्यावी. डिजिटल पियानोला ब्लूटूथ हेडफोन जोडणे तर टाळावेच, कारण त्यात बहुधा १०० मिलिसेकंदांहून अधिक विलंब असतो आणि मुलाला स्वतःच्याच बोटाचा आवाज उशिरा ऐकू येतो. साधा वायरचा हेडफोन यासाठी कितीतरी चांगला.

इतक्या अडचणी असतील तर मुलाला रेकॉर्ड केलेले धडे किंवा एखादे ॲपच का देऊ नये, असे वाटणे साहजिक आहे. याचे उत्तर संगीताच्या बाहेरच्या संशोधनातून मिळते. पॅट्रिशिया कूल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात नऊ महिन्यांच्या अमेरिकन बाळांना मँडरिन भाषा काही सत्रांत ऐकवली गेली. समोर बसून बोलणाऱ्या व्यक्तीकडून बाळांनी त्या भाषेतले ध्वनिभेद उचलले. तीच सामग्री चित्रफितीतून पाहणाऱ्या बाळांनी उचलले नाहीत. २०१४ मध्ये रोझबेरी, हर्श-पासेक आणि गोलिंकॉफ यांनी याच प्रश्नाची पुढची बाजू तपासली. दोन ते अडीच वर्षांच्या मुलांना नवी क्रियापदे तीन प्रकारे शिकवली गेली: प्रत्यक्ष, व्हिडिओ कॉलवर आणि रेकॉर्ड केलेल्या चित्रफितीतून. पहिल्या दोन गटांतली मुले शिकली, तिसऱ्या गटातली शिकली नाहीत. अडथळा पडद्याचा नव्हता. समोरचे माणूस आपल्या प्रत्येक कृतीला त्या क्षणी प्रतिसाद देते की नाही, यावर सारे अवलंबून होते. हे प्रयोग भाषेचे आहेत आणि आणखी लहान मुलांवरचे आहेत, त्यामुळे ते पियानोला जसेच्या तसे लावता येत नाहीत. तरीही ‘आता करंगळी वाकव, हां, तशीच’ असे त्याच क्षणी म्हणणाऱ्या शिक्षिकेची जागा चार-पाच वर्षांच्या मुलासाठी चित्रफीत घेऊ शकेल, असे मला वाटत नाही. ॲप चूक-बरोबर पट्टी ओळखते; मनगट ताठ झाले आहे हे त्याला सहसा कळत नाही.

पडद्यातून शिक्षिकेला नेमके काय ऐकू येते, हेही पालकांनी जाणून घ्यावे. व्हिडिओ कॉलची यंत्रणा माणसाच्या बोलण्यासाठी रचलेली असते. पियानोचा लांबवर टिकणारा, हळूहळू विरत जाणारा स्वर तिला पंख्याच्या घरघरीसारखा पार्श्वभूमीचा आवाज वाटतो आणि ती तो दाबून टाकते. मोठा आवाज लहान आणि लहान आवाज मोठा करण्याची स्वयंचलित सोयही चालू असते. मुलाने पहिली ओळ जोरात आणि दुसरी अलगद वाजवली, तर पलीकडे दोन्ही जवळपास सारख्याच पोहोचतात. झूमसारख्या सेवेत ‘ओरिजिनल साउंड’ नावाची सोय असते. ती चालू केली की हा हस्तक्षेप बराच थांबतो. पहिल्या तासाआधी पाच मिनिटे काढून ही सेटिंग तपासणे हे नवे पुस्तक विकत घेण्यापेक्षा अधिक उपयोगाचे आहे. कॅमेराही समोरून लावण्याऐवजी बाजूने, मनगटाच्या उंचीला लावावा. शिक्षिकेकडे पट्ट्यांच्या वरून दाखवणारा कॅमेरा असेल तर मुलाला त्यांचे हात स्वतःच्या हातांच्याच दिशेने दिसतात आणि डावे-उजवे उलटे होत नाही.

वाद्याची निवड इथेच महत्त्वाची ठरते. इटलीतील फ्लॉरेन्स येथे बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरी यांनी १७०० च्या सुमारास पियानो घडवला तो नेमका आवाजाच्या चढउतारासाठी. त्याआधीच्या हार्प्सिकॉर्ड या पट्ट्यांच्या वाद्यात तार छेडली जात असे, त्यामुळे पट्टी कशीही दाबली तरी आवाज जवळजवळ तेवढाच येई. क्रिस्तोफोरींनी तारेवर आघात करून लगेच मागे सरणारी हातोडी बसवली आणि बोटाचा वेग थेट आवाजात उतरला. डिजिटल पियानोत हातोडी तारेवर पडत नाही; पट्टीखाली वेगवेगळ्या खोलीवर दोन किंवा तीन संवेदक असतात, पट्टी एकापासून दुसऱ्यापर्यंत किती वेळात पोहोचली हे मोजले जाते आणि त्यावरून आवाज ठरतो. १९८३ पासून रूढ झालेल्या मिडी या इलेक्ट्रॉनिक वाद्यांच्या प्रमाणपद्धतीत हा वेग १ ते १२७ या आकड्यांत नोंदवला जातो. स्वस्त खेळण्यातल्या कीबोर्डवर ही सोय नसते. तिथे मूल हळू आणि जोरात यांतला फरक शिकूच शकत नाही, कारण बोटाने काहीही केले तरी वाद्य एकच उत्तर देते. ८८ पट्ट्या पहिल्या वर्षी लागत नाहीत, ६१ चालतात. पण पट्टी स्पर्शाला दाद देणारी असणे मी अनिवार्य मानतो.

ज्या घरात पेटी आहे तिथल्या मुलाला काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची रचना आधीच ओळखीची असते आणि ‘काळी एक’, ‘पांढरी चार’ ही भाषा कानावर पडलेली असते. हा मोठा फायदा आहे. फक्त पेटीवर आवाज लहान-मोठा होतो तो भात्याने, बोटाने नव्हे, आणि डावा हात त्या भात्यात गुंतलेला असतो. त्यामुळे पेटीकडून पियानोकडे येणाऱ्या मुलाला सर्वांत अधिक वेळ डाव्या हाताला आणि स्पर्शाला द्यावा लागतो.

आता हाताविषयी. पियानोच्या एका पांढऱ्या पट्टीची रुंदी सुमारे साडेतेवीस मिलिमीटर असते. पाच पट्ट्या मिळून जेमतेम बारा सेंटिमीटर होतात आणि पाच वर्षांच्या मुलाचा हात त्यांवर आरामात बसतो. संपूर्ण सप्तक ताणून धरायला सुमारे साडेसोळा सेंटिमीटर लागतात आणि ते त्याच्या आवाक्यात नसते. म्हणून सुरुवातीचे धडे हात न सरकवता पाच बोटांच्या जागेत बसवलेले असतात. अनामिका उचलत नाही ही तक्रार मोठ्यांचीही असते, कारण तळहाताच्या मागच्या बाजूला तिचे स्नायुबंध शेजारच्या बोटांच्या स्नायुबंधांशी जोडलेले असतात. त्यासाठी मुलाला रागावण्यात अर्थ नाही. लहान वयात आणखी एक गोष्ट दिसते. एका हाताची बोटे हलवताना दुसऱ्या हाताची बोटेही नकळत हलतात. मेंदूच्या दोन अर्धगोलांना जोडणारा चेतातंतूंचा जाड पट्टा या वयात अजून पक्व होत असतो, आणि ही सोबतची हालचाल साधारण दहाव्या वर्षापर्यंत हळूहळू ओसरते. यावरून धड्यांचा क्रम ठरवता येतो. आधी एकेक हात आळीपाळीने. मग दोन्ही हात परस्परांपासून दूर जाणारे, कारण तेव्हा दोन्हीकडे तेच बोट हलते. आणि दोन्ही हात एकाच दिशेने जाणारे सुरांचे तुकडे सर्वांत शेवटी. आसनाची उंची अशी हवी की कोपरापासून मनगटापर्यंतचा हात जमिनीला समांतर राहील, आणि लोंबकळणाऱ्या पायांखाली पाट किंवा स्टूल असावे.

पियानोने बुद्धी वाढते का, हा प्रश्न बहुतेक पालक विचारतात. क्रिस्टा हाइड आणि सहकाऱ्यांच्या २००९ च्या अभ्यासात सुमारे सहा वर्षांच्या १५ मुलांना पंधरा महिने आठवड्याला अर्धा तास कीबोर्डचे वैयक्तिक धडे दिले गेले. त्यांच्या मेंदूतील हाताच्या हालचालींशी व ऐकण्याशी संबंधित भागांत आणि वर उल्लेखलेल्या जोडपट्ट्यात तुलनेच्या गटापेक्षा अधिक बदल दिसले. बोटांचे कौशल्य आणि सूर-तालाची पारख वाढली, पण संगीताबाहेरच्या चाचण्यांत तसा फायदा आढळला नाही. गणित सुधारावे म्हणून पियानो लावू नये. आठवड्याच्या अर्ध्या तासाने सहा वर्षांच्या मुलाचा हात आणि कान घडतात, एवढे कारण पुरेसे आहे.

उरलेले सहा दिवस घरचेच असतात. जपानचे व्हायोलिन-शिक्षक शिनिची सुझुकी यांच्या पद्धतीत पालकाने तासाला बसून स्वतः प्राथमिक वादन शिकणे अपेक्षित असते, आणि ऑनलाइन शिकवणीत ही अपेक्षा अधिकच रास्त आहे. कारण मनगट हाताने धरून सैल करणे किंवा जोरात-हळू यांतला खरा फरक ऐकणे हे पडद्यापलीकडून होत नाही. पालकाला संगीत येत नसले तरी चालते. तासाच्या शेवटी शिक्षिकेकडून या आठवड्यात कोणत्या दोन गोष्टी ऐकायच्या आणि कोणती एक पाहायची, हे लिहून घ्यावे आणि रोज दहा-पंधरा मिनिटे शेजारी बसून तेवढेच तपासावे. रविवारी सलग दीड तास बसवण्यापेक्षा असा विभागलेला सराव अधिक टिकतो. आठवड्याच्या मध्ये मुलाचे एक मिनिटाचे वादन फोनवर रेकॉर्ड करून पाठवावे. त्या रेकॉर्डिंगमध्ये कॉलमधला विलंब नसतो आणि आवाजाचे दाबणेही बरेच कमी असते, त्यामुळे शिक्षिकेला मुलाची खरी लय बहुतेक वेळा त्यातूनच कळते. मूल स्वतः मोजू लागले आणि स्वरलिपी वाचू लागले की शेजारची खुर्ची थोडी मागे सरकवता येते. बहुतेक मुलांच्या बाबतीत ती वेळ शाळेच्या तिसरी-चौथीच्या आसपास येते.