कौल कुणी लावायचा, आणि कुणाला?

आमच्याकडे देवळात कौल लावतात तो असा. गुरव पाषाण धुतो आणि ओल्या पाषाणावर ठरलेल्या जागी तांदळाचे दाणे नाहीतर फुलाच्या पाकळ्या चिकटवतो. मग गाऱ्हाणं घालतो आणि सगळे गप्प उभे राहतात. उजवीकडचं आधी पडलं तर देवाचा होकार, डावीकडचं पडलं तर नकार. आंगणेवाडीच्या भराडीदेवीच्या जत्रेची तारीख कौलानेच ठरते. आचऱ्यात रामेश्वराने गावपळणीचा कौल दिला की अख्खा गाव गुरं, कोंबड्या, भांडीकुंडी घेऊन तीन दिवस वेशीबाहेर राहतो आणि परतायचं तेही पुन्हा कौल घेऊनच.

म्हणूनच गोवा महाराष्ट्रात जाणार की नाही यावर १९६७ मध्ये गोव्यात झालेल्या मतदानाला 'जनमत कौल' हे नाव चिकटलं ते चिकटलंच. सार्वमत हा शब्द वर्तमानपत्रातला. आमच्या बाजूला म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी अजून कौलच असतो.

हे आठवायचं कारण म्हणजे रिफायनरी, अणुप्रकल्प, बंदर, खाण, काहीही आलं की कोकणात एक मागणी हमखास निघते: लोकांचं मत घ्या. देशपातळीवरही एखादा मोठा निर्णय झाला की हाच सूर लागतो. मागणी नवी वाटते, पण या किनारपट्टीने हा प्रयोग दोनदा जवळून पाहिला आहे. शिवाय राज्यघटनेत सार्वमत आणायचा जो एकमेव गंभीर प्रयत्न झाला, त्या वेळच्या मंत्रिमंडळात राजापूरचा खासदार होता.

आधी थोडं मागे जायला हवं. संस्थानं विलीन झाली तेव्हा बहुतेक ठिकाणी कुणी कुणाला विचारलं नाही. सावंतवाडी आणि जंजिरा ही आपली दोन्ही संस्थानं १९४८ मध्ये मुंबई प्रांतात आली ती राजाच्या आणि नवाबाच्या सहीने. जुनागढचा नवाब मात्र पाकिस्तानात सामील झाला होता, म्हणून तिथे फेब्रुवारी १९४८ मध्ये मतदान घेतलं गेलं. १ लाख ९० हजारांवर मतं पडली, त्यात पाकिस्तानच्या बाजूची फक्त ९१. पुढे १९४९ मध्ये फ्रेंचांच्या ताब्यातल्या चंद्रनगरला आणि १९७५ मध्ये सिक्कीमला अशीच मतदानं झाली. या सगळ्यांत उत्तर काय येणार हे विचारणाऱ्याला आधीच ठाऊक होतं. गोव्याचं मतदान वेगळं ठरतं ते इथेच.

१९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला. डिसेंबर १९६३ च्या पहिल्या निवडणुकीत भाऊसाहेब बांदोडकरांचा महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष सत्तेवर आला. पक्षाच्या नावातच उद्दिष्ट होतं: गोवा महाराष्ट्रात विलीन करायचा. समोर जॅक सिक्वेरांचा युनायटेड गोवन्स पक्ष १२ आमदार घेऊन बसला होता. विधानसभेत विलीनीकरणाचा ठराव आणला तर तो बहुमताने सहज मंजूर झाला असता आणि दिल्लीने तो मानला असता तर आज पेडणे हा महाराष्ट्रातला एक तालुका असता. राज्यांच्या सीमा बदलण्याचा अधिकार घटनेच्या तिसऱ्या अनुच्छेदाने संसदेला दिलेला आहे, त्यात मतदाराला विचारायची अट कुठेच नाही.

सिक्वेरांचा मुद्दा असा होता की आमदार निवडून दिले ते सरकार चालवायला. गोवा राहणार की जाणार हे ठरवायला नव्हे, ते थेट लोकांना विचारा. दिल्लीने अखेर ते मान्य केलं आणि १९६६ च्या डिसेंबरात संसदेने त्यासाठी खास कायदा केला. कायद्याच्या इंग्रजी नावात सार्वमत हा शब्द टाळून 'ओपिनियन पोल' म्हटलं गेलं. घटनेत सार्वमताची तरतूदच नाही, तेव्हा हे लोकांचं मत अजमावणं झालं, अंतिम शब्द संसदेचाच. मतदान निष्पक्ष व्हावं म्हणून बांदोडकरांचं सरकार पायउतार झालं. सत्तेत असलेल्या पक्षाने आपल्याच मुख्य मागणीवरच्या मतदानासाठी खुर्ची सोडली, हे आज सांगितलं तर पोरं हसतात.

मतपत्रिकेवर दोन चिन्हं होती. विलीनीकरण हवं असेल तर फूल, केंद्रशासित राहायचं असेल तर दोन पानं. माझी आत्या आरोंद्याहून पेडण्यात दिलेली. मधे तेरेखोलची खाडी, होडीने पलीकडे गेलं की सासर. ती शेवटपर्यंत सांगायची, ''मियां फुलार शिक्को मारलंय.'' तिच्या लेखी प्रश्न साधा होता, माहेर आणि सासर एका राज्यात येणार. पेडण्यात फुलाचं पारडं जड होतं, तर सासष्टीत दोन पानांनी धो धो मतं घेतली.

प्रचाराची एक गंमत अशी की विलीनीकरणाच्या विरोधातलं सर्वांत धारदार लिखाण मराठीतून होत होतं. मडगावचा 'राष्ट्रमत' मराठी दैनिक, त्यातलं उदय भेंब्रे यांचं 'ब्रह्मास्त्र' हे सदरही मराठीत. मराठी वाचणारा गोवेकर म्हणजे महाराष्ट्रात यायला उत्सुक, हे इकडच्या पुढाऱ्यांनी गृहीत धरलं होतं आणि तिथेच चुकलं. महाराष्ट्रातून प्रतिनियुक्तीवर आलेल्या अधिकाऱ्यांबद्दल राग होता, नोकऱ्या जातील ही भीती होती, आणि महाराष्ट्रात दारूबंदी होती हेही विसरून चालणार नाही. काजूची फेणी हा कित्येकांच्या चुलीचा प्रश्न होता.

१६ जानेवारी १९६७ ला मतदान झालं. दोन पानांना १,७२,१९१ मतं, फुलाला १,३८,१७०. फरक ३४,०२१.

माझ्या मते खरी गोष्ट यानंतरची आहे. त्याच वर्षी मार्चमध्ये गोव्यात विधानसभेची निवडणूक झाली आणि लोकांनी बांदोडकरांनाच पुन्हा निवडून दिलं. जानेवारीत त्यांच्या मुख्य मागणीला नाही म्हणणाऱ्यांपैकी काही जणांनी दोन महिन्यांत त्यांच्या पक्षाच्या सिंह या चिन्हावर शिक्का मारला असावा. कुळांना जमीन मिळेल, बहुजनांच्या पोरांना शाळा मिळेल, म्हणून भाऊ हवे होते. महाराष्ट्र नको होता. पक्षाला दिलेलं मत म्हणजे त्याच्या जाहीरनाम्यातल्या प्रत्येक ओळीला दिलेलं मत नसतं, याचा इतका स्वच्छ पुरावा आपल्या देशात दुसरा नाही. सार्वमताच्या बाजूने कुणी चार पानं भाषण करण्यापेक्षा हे दोन महिने दाखवावेत.

पण त्याच मतदानात सार्वमताच्या खोचाही दिसतात. मुंबईत गिरगाव, धोबीतलाव, माझगावात हजारो गोवेकर होते. कुणी बोटीवर खलाशी, कुणी स्वयंपाकी. त्यांना मत द्या अशी मागणी झाली, ती मान्य झाली नाही. यादीत नाव त्याचाच कौल. दुसरं म्हणजे चिन्हं दोनच होती. वेगळं राज्य हवं असणाऱ्याने शिक्का कुठे मारायचा? त्याने दोन पानांवर मारला आणि वाट पाहिली ती ३० मे १९८७ पर्यंत, गोवा राज्य होईपर्यंत. गुरव गाऱ्हाणं घालताना जे विचारतो तेवढ्याचंच उत्तर देव देतो.

गोव्याच्या मतदानाला सहा आठवडे होतात न होतात तोच २७ फेब्रुवारी १९६७ ला सर्वोच्च न्यायालयाचा गोलकनाथ निकाल आला: मूलभूत हक्कांना कात्री लावायचा अधिकार संसदेला नाही. यावर संसदेचा अधिकार परत मिळवण्यासाठी खासगी विधेयक मांडलं ते राजापूरच्या खासदाराने, वेंगुर्ल्याच्या बॅ. नाथ पैंनी. त्यांचं म्हणणं होतं की घटना बदलायचा अधिकार लोकांनी निवडलेल्या संसदेकडेच हवा. ते विधेयक मंजूर व्हायच्या आधीच, जानेवारी १९७१ मध्ये नाथ पै गेले. त्यांच्या जागी राजापुरातून आले मधु दंडवते.

आणीबाणीनंतर जनता सरकारात दंडवते रेल्वेमंत्री झाले. हे आम्हाला पाठ असतं कारण कोकण रेल्वेशी त्यांचं नाव जोडलेलं. त्याच सरकारने १९७८ मध्ये घटनादुरुस्तीचं जे विधेयक आणलं त्यातलं एक कलम मात्र कुणाला फारसं आठवत नाही. देशाचं धर्मनिरपेक्ष वा लोकशाही स्वरूप, मूलभूत हक्क, मुक्त निवडणुका, न्यायव्यवस्थेचं स्वातंत्र्य यांना धक्का लावणारी दुरुस्ती करायची तर संसदेची मंजुरी पुरणार नाही, देशभर सार्वमत घ्यायचं, आणि त्यात किमान ५१ टक्के मतदारांनी भाग घेतला पाहिजे. कायदामंत्री होते शांतिभूषण. लोकसभेने विधेयक मंजूर केलं. राज्यसभेत काँग्रेसचं बहुमत होतं, तिथे हे कलम गळालं. उरलेलं विधेयक चव्वेचाळिसावी घटनादुरुस्ती म्हणून आलं. त्यानंतर देशव्यापी सार्वमताची तरतूद घटनेच्या इतक्या जवळ कधी पोचली नाही. दहा-अकरा वर्षांत एकाच मतदारसंघाचे दोन खासदार, दोघेही समाजवादी: एकाने संसदेच्या अधिकारासाठी झुंज घेतली, दुसरा बसला त्या मंत्रिमंडळाने संसदेच्या वर मतदाराला बसवायला पाहिलं. मधे आणीबाणी येऊन गेली होती, एवढाच फरक.

दुसरा प्रयोग रायगडचा. पेण, उरण, पनवेल या तालुक्यांत रिलायन्सच्या महामुंबई सेझसाठी, म्हणजे विशेष आर्थिक क्षेत्रासाठी, जमीन संपादन सुरू झालं. खारेपाटातली भातशेती, बांध घालून समुद्राकडून मिळवलेली. याच पट्ट्यात चरीच्या शेतकऱ्यांनी १९३० च्या दशकात खोतांविरुद्ध कित्येक वर्षं संप चालवला होता, तेव्हा जमीन सोडा म्हणून सांगणं सोपं नव्हतं. प्रा. एन. डी. पाटील आंदोलनाच्या पुढे होते. हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातली २२ गावं पेण तालुक्यात, आणि तिथे सप्टेंबर २००८ मध्ये राज्य सरकारने शेतकऱ्यांचं मतदान घेतलं. सेझला जमीन द्यायची की नाही, एवढाच प्रश्न. कौल उघड उघड विरोधात गेला.

गंमत अशी की ज्या १८९४ च्या भूसंपादन कायद्याखाली जमीन घेतली जात होती त्यात मतदान नावाची चीजच नव्हती. तेव्हा निकाल सरकारवर बंधनकारक नव्हता. तरी सेझ काही उभा राहिला नाही. आणि पुन्हा यादीचा प्रश्न: विचारलं ते जमीन ज्यांच्या नावावर त्यांना. सातबाऱ्यावर नाव नसलेल्या कातकऱ्याचं किंवा मजुराचं त्या शेतावर पोट असलं तरी त्याचा दाणा पाषाणावर चिकटवलाच नाही.

बाहेरच्या उदाहरणांत ब्रिटनचं सगळे देतात, मी एकाच कारणासाठी देतो. २३ जून २०१६ च्या मतदानात युरोपीय संघ सोडण्याच्या बाजूने सुमारे ५२ टक्के आणि राहण्याच्या बाजूने ४८ टक्के मतं पडली. कायद्याने तेही गोव्यासारखंच सल्ल्यापुरतं होतं. आधी प्रश्न 'राहायचं का', हो किंवा नाही, असा होता. त्यात झुकतं माप पडतं म्हणून 'राहावं की सोडावं' असा बदलून घेतला गेला. मात्र सोडायचं म्हणजे नेमकं कसं, हे प्रश्नात नव्हतं, आणि त्यावर तिथली संसद साडेतीन वर्षं भांडत बसली. पंधरा वर्षांहून जास्त काळ परदेशी राहिलेल्या ब्रिटिशांना मत नव्हतं. त्यांचे चाकरमानी म्हणायचे.

आपल्याकडे आज लोकांना थेट विचारायची कायदेशीर सोय आहे ती अगदी लहान गोष्टींसाठी. गावातलं दारूचं दुकान बंद करायचं असेल तर बायकांचं मतदान होतं, चिन्हं उभी बाटली आणि आडवी बाटली. एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त मतं आडव्या बाटलीला पडली तर दुकान बंद. झालेल्या मतांच्या निम्मी चालत नाहीत, यादीतल्या सगळ्या बायकांच्या निम्म्याहून जास्त लागतात. अशी कडक अट खासदार निवडतानाही नाही.

मोठ्या गोष्टीसाठी उरते ती ग्रामसभा. ओडिशातल्या नियमगिरीत सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या आदेशाने ग्रामसभांना विचारलं गेलं, बाराच्या बारा ग्रामसभांनी बॉक्साइटची खाण नाकारली आणि ते टिकलं. पण त्यामागे आदिवासींच्या वनहक्कांचा कायदा भक्कम उभा होता. रत्नागिरी-सिंधुदुर्गात आदिवासींसाठीचं अनुसूचित क्षेत्र नाही. इथे ग्रामसभेचा ठराव सरकारदरबारी जातो तो निवेदनासारखा. जैतापूरला ९,९०० मेगावॅटचा अणुप्रकल्प ठरला, नाणारची रिफायनरी आली आणि २०१९ मध्ये गेली, मग बारसूचा सडा, म्हणजे कातळाचं पठार, आला, जिथली कातळशिल्पं युनेस्कोच्या संभाव्य यादीत आहेत. या सगळ्यात विरोधाचे ठराव झाले, मोर्चे झाले, लाठ्याही पडल्या. मतपेटी कुणी ठेवली नाही.

आमच्या गावात काही वर्षांपूर्वी खाणीच्या ना हरकत दाखल्याचा विषय आला. ग्रामसभेला १५ टक्के मतदार किंवा शंभर, यातला कमी आकडा भरावा लागतो. एरवी आमची सभा गणपूर्तीअभावी तहकूब होते आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसल्याने पुढच्या खेपेला वीसजण सगळं उरकतात. त्या दिवशी मे महिना होता, शाळेच्या पडवीत उभं राहायला जागा नव्हती. ग्रामसेवकाने विषय वाचला, 'खाणीस ना हरकत देणेबाबत'. आमच्यातल्या एकाने उठून सांगितलं की 'न देणेबाबत' असं लिहा. अर्धा तास त्यावरच गेला. शेवटी हात वर करायची वेळ आली तेव्हा यादी उघडली, आणि मुंबईहून खास रजा काढून आलेले तीसेक चाकरमानी पडवीच्या पायऱ्या उतरून आंब्याखाली जाऊन उभे राहिले. त्यांची घरं इथे, कलमं इथे, नावं मात्र भांडुप आणि नालासोपाऱ्याच्या यादीत.