झिजलेल्या खालच्या जबड्यातील अस्थिरोपण

दात पडल्यावर झिजून खुजा झालेला खालचा जबडा हाड घालून पुन्हा उंच किंवा रुंद करण्याची शस्त्रक्रिया. दात गेले की ते धरून ठेवणाऱ्या हाडाला काम उरत नाही आणि ते विरू लागते. पहिल्या वर्षी झीज सर्वाधिक असते, मात्र पुढेही ती थांबत नाही. कॉवूड आणि हॉवेल या संशोधकांनी १९८८ मध्ये या झिजेचे वर्गीकरण केले. झिजेच्या नंतरच्या टप्प्यांत जबड्याची उंची १० मिलिमीटरच्याही खाली येते. हनुवटीच्या बाजूला हाडातून बाहेर पडणारी नस तेव्हा थेट जबड्याच्या वरच्या कडेवर येते. कवळी तिच्यावरच दाबते, घास चावताना ओठापर्यंत कळ जाते. असा जबडा किरकोळ माराने मोडू शकतो.

रुग्णाच्याच कमरेच्या हाडाचा किंवा बरगडीचा तुकडा जबड्याच्या कडेवर स्क्रूने बसवणे ही जुनी रीत. कवळीच्या दाबाखाली हे हाड काही वर्षांतच बरेचसे झिजून जाई. त्यात इम्प्लांट (कृत्रिम दात धरण्यासाठी हाडात रोवलेले धातूचे मूळ) बसवले तर हे हाड अधिक टिकते, म्हणून केवळ कवळीसाठी आता रोपण क्वचितच करतात. थोडेच हाड लागणार असेल तर ते हनुवटीतून किंवा अक्कलदाढेमागून घेता येते.

‘सँडविच’ पद्धतीत जबडा आडवा कापून वरचा भाग उचलतात आणि फटीत हाड भरतात. वरच्या तुकड्याला जिभेकडच्या हिरडीतून रक्त मिळत राहते, ही तिची खरी ताकद. पण जबड्यातून जाणाऱ्या नसेच्या वर कापण्यापुरते हाड शिल्लक असावे लागते. फार झिजलेल्या जबड्यात नेमके तेच नसते. अस्थिकर्षणात, म्हणजे हाड हळूहळू ताणून वाढवण्याच्या पद्धतीत, कापलेला भाग पाच-सात दिवसांनी रोज सुमारे १ मिलिमीटर याप्रमाणे वर सरकवतात. तो जिभेकडे कलण्याचा त्रास मात्र नेहमीचा.

हाडाचा चुरा हिरडीखाली बसवलेल्या पातळ पडद्याखाली किंवा टायटॅनियमच्या जाळीखाली भरण्याची पद्धत मुख्यतः रुंदी वाढवायला उपयोगी. इथे घात होतो तो हिरडी शिवताना. ती ताणून शिवली की टाके उसवतात, जाळी उघडी पडते आणि जंतुसंसर्ग होऊन केलेले काम वाया जाऊ शकते. त्यासाठी हाडावरचे आवरण आतून छेदून हिरडी आधी सैल करून घेतात. हाच धोका टाळण्यासाठी अमेरिकी मुखशल्यचिकित्सक रॉबर्ट मार्क्स यांच्या ‘टेंट पोल’ (तंबूचा खांब) पद्धतीत छेद तोंडात न घेता हनुवटीखाली घेतात. खांबांसारखे उभे केलेले इम्प्लांट वरची हिरडी तोलून धरतात आणि खाली कमरेच्या हाडाचा गर भरला जातो.

जबड्याच्या पुढच्या भागात पुरेसे हाड उरले असल्यास आखूड इम्प्लांट थेट बसवता येतात. वयस्कर रुग्णात बहुधा हाच मार्ग शहाणपणाचा.