पंचवीस की तीस: घरच्या टीव्हीसाठी व्हिडिओ रूपांतर, पार्श्वभूमी

आपल्याकडे रंगीत प्रक्षेपण 1982 साली सुरू झालं ते पाल (PAL) या प्रक्षेपण पद्धतीत, म्हणजे 625 रेषा आणि सेकंदाला 25 फ्रेम. अमेरिका-जपान एनटीएससीवर होते, 525 रेषा आणि 29.97 फ्रेम. कॅसेटच्या काळात विदर्भातल्या खेड्यांना या फरकाची झळ लागलीच नाही. लग्नाची शूटिंग पाल कॅमेऱ्यावर व्हायची, भाड्याने आणलेला व्हीसीआर पालचाच आणि टीव्हीही पालचाच.

घोळ सुरू झाला 2000 च्या आसपास, स्वस्त व्हीसीडी प्लेअर तालुक्याच्या बाजारात आले तेव्हा. त्यांच्या रिमोटवर पी/एन (पाल की एनटीएससी) असं एक बटण असायचं. पोरांच्या हातून ते दाबलं गेलं की रंगीत टीव्हीवर चित्र काळंपांढरं व्हायचं आणि जुना सेट असला तर उभं सरकत राहायचं. निव्वळ या बटणापायी कित्येक धडधाकट टीव्ही मेकॅनिककडे जाऊन आले. रंगाचा वाहक, म्हणजे रंगाची माहिती नेणारी लहर, पालमध्ये 4.43 मेगाहर्ट्झचा, एनटीएससीत 3.58 चा, त्यामुळे पालच्या सर्किटला रंग सापडत नाही. आडव्या रेषांचा वेग मात्र जवळपास सारखाच (सेकंदाला 15,625 आणि 15,734), म्हणून चित्र आडवं फाटत नाही. उभा वेग 50 चा 60 होतो आणि पकड सुटते ती तिथे. लोडशेडिंगमध्ये 12 व्होल्टच्या बॅटरीवर चालणाऱ्या काळ्यापांढऱ्या पोर्टेबलवर व्ही-होल्ड (चित्र उभं सरकू न देणारी खुंटी) फिरवला की चित्र थांबायचं, पण उंचीला बुटकं. मग मागचा हाइटचा प्रीसेट पेचकसाने वाढवायचा, आणि पुढची पालची सीडी लावली की चित्र वर-खाली कापलं जायचं.

व्हीसीडीत पालची फ्रेम 352 बाय 288 ची, एनटीएससीची 352 बाय 240 ची. डीव्हीडीत 720 बाय 576 आणि 720 बाय 480. उंची ताणणं सोपं असतं. कस लागतो तो फ्रेमच्या हिशोबात, आणि स्टुडिओवाल्यांचे वादही त्यावरूनच व्हायचे. परदेशातला नातेवाईक लग्नाला येतो, जाताना त्याच्या कॅमेऱ्यातली एनटीएससी मिनी-डीव्ही टेप देऊन जातो आणि घरच्यांना हवी असते पालची डीव्हीडी. घाईतला मार्ग म्हणजे दर सहावी फ्रेम गाळणे. वेळ बरोबर बसते, पण सेकंदाला पाच झटके बसतात. वरात डावीकडून उजवीकडे जात असली की डोळ्यांना खुपतात. दुसरा मार्ग शेजारच्या फ्रेम एकमेकींत मिसळण्याचा. त्यात झटके जातात आणि नाचणाऱ्यांच्या हातांना सावल्या फुटतात. या दोन्हींपेक्षा वाईट म्हणजे फील्ड (एका फ्रेममधल्या सम आणि विषम रेषांचे दोन अर्धे भाग, एकामागून एक टिपलेले) वेगळी न करता 480 चं थेट 576 करणे. सम-विषम रेषा एकमेकींत कालवल्या जातात, हललेल्या प्रत्येक कडेला कंगव्याचे दात येतात आणि मग ते कशानेच निघत नाहीत.

योग्य क्रम असा: आधी प्रत्येक फील्डची स्वतंत्र पूर्ण फ्रेम करायची, म्हणजे सेकंदाला 59.94. मग उंची 576 करायची. त्यानंतर 59.94 वरून 50 वर यायचं आणि शेवटी एकाआड एक रेषा घेऊन 25 इंटरलेस्ड फ्रेम बांधायच्या. इथेही फ्रेम गळतात, पण प्रत्येक उडी तीसांश ऐवजी साठांश सेकंदाची, त्यामुळे सहसा लक्षात येत नाही. त्या काळच्या संगणकावर तासाभराच्या टेपला अख्खी रात्र जायची आणि मध्येच लाइट गेली की पहिल्यापासून सुरुवात. ‘दर सहावी गाळा’ पंथाला इतके अनुयायी मिळाले ते यामुळेच.

फील्डचा क्रमही चुकतो. डीव्ही टेपमध्ये खालचं फील्ड आधी येतं, डीव्हीडीची फाइल बनवणाऱ्या एन्कोडरमध्ये बऱ्याचदा वरचं आधी असं ठरवलेलं असतं. ते तपासलं नाही तर सगळं हलतं चित्र थरथरतं. 29.97 ला 30 धरलं तर तासाला 3.6 सेकंदांचा फरक पडतो. तीन तासांच्या शेवटी भटजींचे ओठ आणि मंगलाष्टकं यांत जवळपास 11 सेकंदांचं अंतर.

सिनेमाचं गणित निराळं. हिंदी सिनेमांच्या पुष्कळशा डीव्हीडी एनटीएससीत निघाल्या. त्यात 29.97 चा हिशोब जुळवायला भरलेल्या वाढीव फ्रेम काढून सिनेमाच्या मूळ वेगाजवळ, 23.976 वर यायचं आणि तेच 25 ने चालवायचं. तीन तासांचा सिनेमा सात-साडेसात मिनिटांनी आटोपतो. आवाज त्याच प्रमाणात आखडावा लागतो, आणि सूर जपला नाही तर गाणी किंचित चढी लागतात.

आता डिस्क गेली, टीव्हीला पेनड्राइव्ह लागतो आणि नवे टीव्ही दोन्ही वेग चालवतात. भांडण मात्र एडिटिंगच्या टाइमलाइनवर आलं आहे. वडसा-ब्रह्मपुरीकडे रात्रभराच्या झाडीपट्टी नाटकाला मुख्य कॅमेरा 25 वर आणि जोडीला मोबाइल 30 वर, असं सर्रास दिसतं. 30 वाल्यांचं म्हणणं अगदीच खोटं नाही. मोबाइलचा पडदा पुष्कळदा 60 हर्ट्झवर चालतो, त्यावर 25 फ्रेम सारख्या वाटल्या जात नाहीत. पण आपली वीज 50 हर्ट्झची, दिवे सेकंदाला 100 वेळा लुकलुकतात आणि शटर (प्रत्येक फ्रेमला प्रकाश घेण्याचा वेळ) साठांश सेकंदाचं असलं की रंगमंचावर काळे पट्टे सरकताना दिसतात. ते नंतर काढणं महाकठीण, त्यामानाने फ्रेमची अडचण किरकोळ. म्हणून सगळे कॅमेरे 25 किंवा 50 वर आणि शटर 1/50 वर ठेवणं बरं. मोबाइलला 25 जमत नसेल तर निदान शटर 1/50 किंवा 1/100 ठेवावं. मोबाइलची फ्रेमगती पुष्कळदा स्थिर नसते, तेव्हा एडिटिंगला घेण्याआधी ती फाइल स्थिर गतीत बदलून घ्यावी, नाहीतर दुसऱ्या अंकापर्यंत आवाज सरकलेला असतो.