सर्व्हरची इशारा पातळी

पावसाळ्यात सांगलीकर सकाळी उठल्या उठल्या एकच विचारतो, "आयर्विनला पाणी किती?" कृष्णेवरच्या या आयर्विन पुलापाशी 40 फुटांवर इशारा, 45 वर धोका. पहिल्या आकड्याला सामान माळ्यावर चढवायचं, दुसऱ्याला घर सोडायचं. लिनक्स सर्व्हरच्या मेमरीतही असेच दोन आकडे असतात, पण त्यांच्याकडे फारसं कुणी बघत नाही.

मार्केट यार्डातल्या एका अडत दुकानाचा सर्व्हर मी सांभाळतो. हळदीचे सौदे आटोपले की पट्ट्या, म्हणजे शेतकऱ्यांच्या हिशेबाच्या पावत्या, काढायची घाई, आणि नेमका तेव्हाच बॅकअप सुरू व्हायचा. स्क्रीन मिनिटभर थिजायची, शेतकरी काउंटरपाशी ताटकळत उभे. मालक म्हणाले, "रॅम भरलीय, वाढवून टाका." 32 जीबीपैकी 'फ्री' रकान्यात जेमतेम 400 एमबी दिसत होती खरी.

पण रॅम भरलेली दिसणं हा आजार नव्हे. हार्डडिस्कवरून एखादी नोंद शोधून आणायला साधारण 10 मिलिसेकंद लागतात. रॅममधून तेच काम लाखपट लवकर होतं. म्हणून रिकामी रॅम लिनक्स वाया घालवत नाही, वाचलेल्या फायली तिथंच जपून ठेवतो. हीच पेज कॅश. एखाद्या प्रोग्रॅमला जागा लागली की त्यातली बरीचशी लगेच मोकळी करून देतो. त्यामुळे बघायचा तो 'अव्हेलेबल' रकाना.

दुखणं होतं लिहिण्यात. प्रोग्रॅमने लिहिलेला मजकूर आधी रॅममध्ये थांबतो, डिस्कवर मागाहून जातो. मेमरीच्या छोट्या तुकड्यांना पानं म्हणतात, आणि अशा न उतरलेल्या पानांना 'डर्टी'. ती उपलब्ध मेमरीच्या 10 टक्के झाली की कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, ती मागच्या मागे डिस्कवर उतरवायला लागतो. ही इशारा पातळी. 20 टक्क्यांपाशी मात्र लिहिणाऱ्या प्रोग्रॅमलाच थोपवून धरतो. ही धोका पातळी. हे मूळ आकडे. रॅम थोडी होती तेव्हा ते ठीक होते. 32 जीबीत 20 टक्के म्हणजे सहा जीबीच्या आसपास, आणि सेकंदाला 100 एमबी लिहिणाऱ्या जुन्या डिस्कला तो फुगवटा ओसरायला एक मिनिट लागतं. त्यात लाईट गेली तर न उतरलेलं सगळं गेलं, ही धास्ती वेगळीच.

मी मेमइन्फो या मेमरीचा हिशेब दाखवणाऱ्या फायलीतली 'डर्टी' ही ओळ दर सेकंदाला बघत बसलो. बॅकअप सुरू झाला, आकडा पाच जीबीच्या पुढे चढला, तिथंच अडला, आणि पलीकडे पट्टी थांबली. मग टक्केवारी सोडून थेट आकार ठरवून दिले: इशारा 256 एमबीला, धोका एक जीबीला. याहून खाली जायचा मोह मी टाळला. पाणी थोडं साठू दिलं तरच कर्नलला शेजारशेजारची पानं एकत्र करून एका दमात लिहिता येतात. बॅकअप त्याच डिस्कवर घेणं हे तर मुळातच चूक होतं. तो पुढच्या आठवड्यात दुसऱ्या डिस्कवर हलवला.

पण त्याआधीच, त्याच संध्याकाळी, बॅकअप चालू असताना 'डर्टी' तीनशे-साडेतीनशे एमबीवर हेलकावत राहिली. काउंटरवरचा प्रिंटर थांबला नाही.